सोलापूरहून मे महिन्याचं विमानाचं तिकीट आत्ताच काढावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अक्कलकोट रोडला तुमचा टॉवेलचा लहान कारखाना आहे. कामासाठी महिन्यातून दोनदा मुंबई होते. मुलगी बंगळूरुला नोकरी करते आणि १० मे रोजी तिच्या नव्या घराची वास्तुशांत आहे. घरची अकरा माणसं ८ तारखेला सोलापूरहून विमानाने न्यायची आहेत. तिकिटं आत्ताच काढावीत, थोडं थांबावं, की सरळ पुण्याहून जावं? आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "किंगफिशर गेली, जेट गेली, गो फर्स्ट गेली, डिसेंबरात इंडिगोची ती अवस्था झाली. एवढे मोठे लोक, एवढा पैसा, तरी विमान कंपन्या बुडतात कशा? आपलं सोलापूरचं विमान तरी टिकणार का?"

मी सोलापुरात सत्तावीस वर्षं तिकिटांचं काम करतोय. हा प्रश्न मला ऑक्टोबरपासून आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

लोक विचारतात तिकीट कधी स्वस्त मिळेल. माझ्या मते तुमची खरी अडचण ती नाही. तुम्ही धंदेवाले आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. तुम्ही माल आज देता आणि पैसे साठ-नव्वद दिवसांनी येतात. म्हणून पार्टी कशी आहे, मागचं बिल वेळेत चुकतं केलं का, बाजारात तिचं कोणाचं थकलंय का, हे बघून तुम्ही उधारी देता. विमानाच्या तिकिटात माल विमान कंपनीचा आहे, पण उधारी देणारे तुम्ही आहात. पैसे जानेवारीत दिले, प्रवास मे महिन्यात. मधले चार महिने तुमचे अकरा तिकिटांचे पैसे कंपनी बिनव्याजी वापरणार. एवढं मनात पक्कं झालं की बाकीचे निर्णय सोपे होतात. प्रश्न मग एवढाच उरतो की या पार्टीला किती दिवसांची उधारी द्यायची आणि कोणाच्या जामिनावर.

यात काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत. अकरांत म्हातारी माणसं किती, लहान मुलं किती, तारीख एक दिवस मागेपुढे होऊ शकते का, आणि पैसे रोखीने देणार की क्रेडिट कार्डावर. वास्तुशांतीचा मुहूर्त हलत नाही, म्हणून तुमच्या बाबतीत "पोचलंच पाहिजे" याला "स्वस्त पडलं पाहिजे" यापेक्षा जास्त वजन आहे असं धरून मी पुढचं लिहितोय.

आधी कंपन्या का बुडतात ते बघू, कारण तिकीट कधी काढायचं याचं उत्तर त्यातच आहे.

तुमचा टॉवेल या महिन्यात विकला गेला नाही तर गोदामात राहतो. पुढच्या महिन्यात दोन रुपये कमी करून जातो. विमानातली जागा तशी ठेवता येत नाही. दार लागलं की रिकामी जागा कायमची गेली, आणि तिच्यावरचा खर्च मात्र पूर्ण झालेला असतो. म्हणून शेवटच्या जागा भरण्यासाठी कंपन्या एकमेकींचे भाव पाडतात. खर्चाची बाजू तर त्यांच्या हातात नसतेच. विमानं बहुतेक भाड्याची, ते भाडं डॉलरमध्ये. इंजिनाची देखभाल, सुटे भाग डॉलरमध्ये. इंधनाचा भाव जगाच्या बाजारावर, त्यावर राज्याचा व्हॅट, कारण विमानाचं इंधन अजून जीएसटीत आलेलंच नाही. भारतातल्या विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचाच वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास जातो. आणि तिकीट विकायचं रुपयात. रुपया घसरला की निर्यात करणाऱ्याला चार पैसे जास्त मिळतात, विमान कंपनीचे तेवढेच खिशातून जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ५० टक्के आयातशुल्क लावलं तेव्हा आपल्या टॉवेलवाल्यांचं काय झालं ते तुम्ही स्वतः भोगलंय. किंमत दुसऱ्याने ठरवायची आणि खर्च आपला. विमान कंपनीची ही रोजची स्थिती आहे.

आता मोठ्या माणसांचं. किंगफिशर २००५ मध्ये सुरू झाली. परदेशी उड्डाणं करायची तर तेव्हा नियम होता की देशात पाच वर्षं सेवा झालेली हवी आणि ताफ्यात वीस विमानं हवीत. पाच वर्षं थांबायला नको म्हणून त्यांनी एअर डेक्कन घेतली. म्हणजे ऐषआरामाची सेवा देणाऱ्या कंपनीने देशातली सगळ्यात स्वस्त कंपनी पोटात घेतली. दोन्हींचे खर्च वेगळे, गिऱ्हाईक वेगळं. २०१२ च्या ऑक्टोबरात विमानं जमिनीवर आली. जेटने २००७ मध्ये एअर सहारा १,४५० कोटींना घेतली, आणि पुढे स्वस्त कंपन्यांशी भावात झुंजताना कर्ज वाढत गेलं. १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं उड्डाण झालं. गो फर्स्टची गोष्ट वेगळी. तिच्या इंजिनांमध्ये दोष निघाले, बदली इंजिनं वेळेत आली नाहीत, निम्म्याच्या आसपास विमानं उभी राहिली आणि मे २०२३ मध्ये कंपनीने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला.

तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. शेवटच्या महिन्यांपर्यंत तिन्हींची तिकिटविक्री चालू होती. उलट अडचणीत आलेली कंपनी पुढच्या महिन्यांची तिकिटं जोरात विकते, कारण आजचा पगार आणि आजचं इंधन त्याच आगाऊ पैशांतून भागतं. माझ्या अनुभवात चांगल्या-वाईट काळाची खूण हीच आहे. एखादी कंपनी सणासुदीच्या तारखांचीही चार-सहा महिने पुढची तिकिटं फार स्वस्तात द्यायला लागली, आणि त्याच वेळी तिची उड्डाणं वरचेवर रद्द होऊ लागली, पगार थकल्याच्या बातम्या आल्या, तर मी माझ्या गिऱ्हाइकाला तिथे पैसे गुंतवू देत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी चौदा जणांचा एक गट माझ्याकडून काशीला निघाला होता, बहुतेक निवृत्त शिक्षक. कंपनीचं नाव घेत नाही. तिकिटं तीन महिने आधी काढलेली, आणि प्रवासाला अठरा दिवस असताना कंपनी बंद पडली. त्यात एक आजी होत्या. त्यांनी तिकिटाचा कागद घडी करून दुधाच्या धुतलेल्या पिशवीत ठेवला होता, तारखेभोवती निळ्या पेनाने गोल केलेला. दर सोमवारी बाजारातून परत जाताना त्या दुकानात यायच्या, पिशवीतून कागद काढून काउंटरवर ठेवायच्या आणि विचारायच्या, "बाळा, कळलं का काही?" सात-आठ महिने त्या येत होत्या. चौदापैकी एकाचे पैसे पूर्ण परत आले, कारण त्यांनी क्रेडिट कार्डावर भरले होते आणि सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे वेळेत तक्रार केली होती. बाकीच्यांचे रोखीने आलेले पैसे मी माझ्या वॉलेटमधून, म्हणजे एजंटने कंपनीकडे आगाऊ ठेवायच्या रकमेतून, भरले होते, आणि त्या वॉलेटमधली माझी शिल्लकही तिथेच अडकली. तिघांचे पैसे मी पदरचे दिले. सगळ्यांचे देणं मला जमलं नाही, ते आजही मनाला लागतं.

कायद्यात प्रवाशाची जागा कुठे आहे ते ऐका. कंपनी दिवाळखोरीत गेली की तिकीटधारक हा विनातारण धनको ठरतो, म्हणजे रांगेत जवळजवळ शेवटी. गो फर्स्टनंतर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, केंद्र सरकारने अधिसूचना काढून विमानं आणि इंजिनं दिवाळखोरीच्या स्थगितीतून वगळली, जेणेकरून भाड्याने विमान देणाऱ्यांना आपली विमानं सोडवून नेता यावीत. ते गरजेचं होतं. नाहीतर परदेशी मालक भारताला विमानं द्यायला कचरले असते, किंवा भाडं वाढवलं असतं. पण त्याच वेळी प्रवाशांचे आगाऊ पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, एवढं तरी व्हायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. घर बांधणाऱ्याला रेरा कायद्यानुसार गिऱ्हाइकाच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. विमान कंपनीला तसं बंधन नाही. जेट २०१९ ला बंद पडली आणि ती अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून कायमची बंद करण्याचा, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला नोव्हेंबर २०२४ मध्ये. साडेपाच वर्षं. तिकीटवाला तोवर कुठे बसून राहणार?

आता सोलापूरच्या विमानाकडे येतो, कारण तुमची खरी काळजी तिथे आहे.

आपल्याकडे पूर्वी किंगफिशरचं मुंबई विमान काही काळ होतं आणि ते बंद पडलं, हे तुम्हाला आठवतच असेल. त्यानंतर कितीतरी वर्षं होटगी रोडचा विमानतळ मंत्र्यांच्या विमानांपुरताच उरला. बोरामणीला नवा विमानतळ करायचा म्हणून जमीन घेतली, तिथे वनजमिनीचा आणि माळढोक पक्ष्याचा प्रश्न उभा राहिला. इकडे सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ ला पाडली. त्यावरून गावात घराघरांत दोन तट होते आणि कारखान्याच्या सभासद शेतकऱ्यांच्या मनातला सल अजून गेलेला नाही. मग सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या इमारतीचं उद्घाटन, ९ जून २०२५ ला फ्लाय ९१ चं गोव्याचं विमान आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला स्टार एअरची मुंबई सेवा, पाठोपाठ बंगळूरु. एवढी किंमत मोजून आलेली सेवा आहे. ती टिकावी असं मला मनापासून वाटतं, माझा धंदा आहे म्हणूनच नव्हे, पुण्याला चार-पाच तास गाडीत बसवून नेलेले म्हातारे पेशंट मी पाहिलेत म्हणून.

पण भावना एका बाजूला ठेवून आकडे बघा. लहान शहरं जोडण्यासाठी केंद्राने उडान योजना आणली, तिचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला सिमला-दिल्ली उडालं. योजनेत ठरावीक जागांचं भाडं मर्यादित ठेवायचं आणि तोट्याची भरपाई सरकारने तीन वर्षं करायची. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालात तिचा हिशेब आला. पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गच सुरू झाले. त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि भरपाई संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते फक्त ५४. याचा अर्थ योजना वाईट असा मी काढत नाही. अर्थ एवढाच की भरपाई चालू आहे तोवर विमान उडतंय, यावरून ते टिकेल असं म्हणता येत नाही. आपल्या मुंबई सेवेलाही राज्य सरकारने एका वर्षासाठी अशीच तूट भरून द्यायचं ठरवलंय. परीक्षा त्यानंतर आहे.

टिकण्याच्या बाजूनेही बरंच आहे. इथे वापरलं जाणारं विमान लहान आहे. गोव्याला पंख्याचं एटीआर जातं, सत्तरच्या आसपास जागांचं. स्टार एअरकडचं एम्ब्रेअर १७५ हे ७६ जागांचं जेट. रोज ७०-७५ माणसं मिळवणं आणि १८० माणसं मिळवणं यात फार फरक आहे. सोलापूरला रोज ७५ मिळू शकतात. बंगळूरु-पुण्यात नोकरीला गेलेली आपली पोरं, टॉवेल आणि गणवेशाचे व्यापारी, साखर आणि सिमेंटच्या कारखान्यांवर येणारे अधिकारी. शिवाय बाहेरून येणारा भाविक. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर, चारही ठिकाणांना जायला सोलापूर हे सोयीचं उतरायचं ठिकाण आहे. आपण सोलापूरकर फक्त जाणाऱ्यांचा विचार करतो, पण विमान दोन्ही बाजूंनी भरावं लागतं, आणि येणाऱ्या बाजूला देवस्थानं हीच आपली ताकद आहे.

(मध्येच सांगतो, पंख्याचं विमान बघून काही जण घाबरतात. जून २०२५ मध्ये अहमदाबादचा भीषण अपघात झाला, त्यानंतर तर जास्तच. पंखा दिसतो म्हणून ते विमान जुनाट नसतं. आतलं इंजिन टर्बाइनचंच असतं, कमी अंतराला ते इंधन कमी खातं म्हणून वापरतात. वैमानिकाच्या आणि देखभालीच्या बाबतीत देखरेख त्याच डीजीसीएची, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाची.)

माझा अंदाज विचाराल तर बंगळूरु टिकण्याची शक्यता मला मुंबईपेक्षा जास्त वाटते. मुंबईला आपल्याकडे वंदे भारत आहे, फेब्रुवारी २०२३ पासून. सकाळी सहाच्या सुमारास निघते, साडेबाराच्या सुमारास सीएसएमटी. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहे, झोपून जायचं, सकाळी सातच्या आत मुंबई. विमानाला या दोघींशी स्पर्धा करायची आहे. बंगळूरुला मात्र उद्यान एक्स्प्रेस पकडली तरी रात्र गाडीतच जाते, त्यामुळे विमानाने वाचणारा वेळ खरोखर मोठा आहे.

डिसेंबरातल्या इंडिगोच्या गोंधळाबद्दल तुम्ही लिहिलंय, त्यावर थोडं. ती कंपनी बुडत नव्हती, पैशाने ती मजबूत आहे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा. हे नियम बरेच आधी जाहीर झालेले होते, पण कंपनीने तेवढे वैमानिक हाताशी ठेवले नव्हते. वेळापत्रक इतकं ताणून बसवलेलं की एक टाका सुटला आणि सगळी शिवण उसवली. काही दिवसांत हजारो उड्डाणं रद्द झाली. देशातले दहापैकी सहापेक्षा जास्त प्रवासी त्या एका कंपनीने जातात, त्यामुळे दुसरीकडे जागाच नव्हत्या. भाडी इतकी चढली की सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं, ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार. मला यातला धडा असा वाटतो की कंपनीचा मोठेपणा आणि तुमच्या प्रवासाची खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या गावाला हे नवं नाही. १८७७ ची जुनी गिरणी कधी बंद पडेल असं इथल्या कोणालाच वाटलं नव्हतं, आख्खं गाव तिच्या भोंग्यावर उठायचं. म्हणून मी कंपनीचं नाव बघण्याआधी हे बघतो की हे विमान रद्द झालं तर त्याच दिवशी पोचायचा दुसरा मार्ग कोणता. सोलापूरहून दिवसाला एकच उड्डाण असेल तर विमानाने दुसरा मार्ग नाही. रेल्वेने आहे.

आता भाड्याचं गणित. "सकाळी बघितलं तेव्हा कमी होतं, संध्याकाळी दीड हजाराने वाढलं, मोबाइलला कळतं का मी बघतोय?" असं खूप जण विचारतात. मोबाइलवर दोष देऊ नका. विमानातल्या जागा भाड्याच्या आठ-दहा पायऱ्यांत वाटलेल्या असतात. खालच्या पायरीवर समजा चार जागा, त्या संपल्या की पुढची पायरी. लहान विमानात प्रत्येक पायरीवर जागा मोजक्याच, म्हणून एका कुटुंबाने तिकिटं काढली की भाव उडी मारतो. आणि इथे तुमच्यासाठी कामाची गोष्ट. खालच्या पायरीवर तीनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही एकदम चार मागितल्या, तर बहुतेक वेळा चारही जागा वरच्या भावाने दाखवल्या जातात. म्हणून मी आधी एक जागा मागून बघतो, मग दोन, मग तीन. भाव कुठे बदलतो ते कळलं की तिकिटं दोन-तीन पीएनआरमध्ये तोडून काढतो. फक्त म्हातारं माणूस आणि त्याच्यासोबतचं माणूस एकाच पीएनआरमध्ये ठेवायचं, कारण वेळ बदलली तर कंपनी पीएनआर बघून माणसं हलवते.

तुम्ही अकरा जण आहात, म्हणजे दहाच्या वर. बहुतेक कंपन्यांत ही गटाची मर्यादा आहे. गटाचं भाडं नेहमी स्वस्त असतं असं नाही, लहान विमानात तर बरेचदा महागच निघतं. पण त्यात थोडी रक्कम आधी आणि बाकीची नंतर अशी सोय मिळू शकते, नावं नंतर देता येतात. उधारीच्या हिशेबाने हे चांगलं. म्हणून दोन्ही भाव विचारायचे आणि लेखी घ्यायचे.

यंदा आणखी एक गोष्ट आहे जी बाहेरच्या माणसाला कळणार नाही. १७ मेपासून अधिक महिना लागतोय. लग्नं, मुंजी, वास्तू सगळं त्याच्या आधी उरकायचा लोकांचा प्रयत्न राहणार, वर शाळांच्या सुट्ट्या. म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात भाडं खाली येईल ही आशा धरू नका. मार्च संपेपर्यंत थांबलात तर महाग पडेल.

तर तुमच्या जागी मी काय करेन? आज जानेवारीत सगळी अकरा तिकिटं काढणार नाही. चार महिन्यांची उधारी या बाजारात मी कोणालाच देत नाही. शिवाय उन्हाळ्याचं वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं, लहान मार्गांच्या वेळा आणि वार तेव्हाच हलतात. मी फेब्रुवारीच्या शेवटी तिकिटं काढेन, सत्तर दिवस आधी. तोवर दर आठवड्याला एकदा एका जागेचा भाव बघत राहीन, आणि दोन पायऱ्या चढलेल्या दिसल्या तर फेब्रुवारीच्या मध्यालाच काढेन. जाताना आणि येताना वेगळी तिकिटं, म्हणजे एक बाजू बिघडली तर दुसरी अडकत नाही. पैसे घरातल्या कोणाच्या तरी क्रेडिट कार्डावर, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा ज्याचं दुकान तुम्हाला डोळ्याने दिसतं अशा एजंटकडे. फार स्वस्त म्हणून कोणत्यातरी अनोळखी ॲपवर अकरा माणसांचे पैसे टाकू नका. परतावा अडकला की तिथे फोन उचलायला माणूस नसतो.

पुण्याहून जावं का, याला माझं उत्तर या वेळी नाही असं आहे. पुण्याहून बंगळूरुला दिवसभरात पुष्कळ विमानं आहेत, हा त्याचा मोठा फायदा, आणि सोलापूरची सेवा मार्चमध्ये डळमळीत दिसली तर तोच मार्ग घ्यायचा. पण अकरा जणांची गाडी, टोल, वाटेतलं जेवण, अडीचशे किलोमीटर आणि वर विमानतळावर दोन तास आधी. हिशेब मांडा, भाड्यातला फरक बहुतेक तिथेच संपतो. आणि आपलंच विमान आपण भरलं नाही तर ते कोणी दुसऱ्याने भरावं?

विमान रद्द झालं तर काय, तेही लिहून ठेवा. कंपनीने दुसरं विमान द्यायचं किंवा पूर्ण पैसे, निवड तुमची. किमान चोवीस तास आधी न कळवता रद्द केलं आणि सोयीचं दुसरं विमान दिलं नाही, तर एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी ते भरपाई म्हणून मिळतं. एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा ७,५०० आहे. हवामान किंवा कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई नाही, परतावा मात्र मिळतोच. तिकीट काढताना सगळ्यांचे मोबाइल नंबर नीट भरा. कंपनीने कळवलं होतं की नाही हा वाद नेहमी नंबरावर येऊन थांबतो. तक्रार सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर करा, दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. रद्द झाल्याचा मेसेज पुसू नका, त्याचा फोटो काढून ठेवा.

तुमच्या महिन्याच्या दोन मुंबई फेऱ्यांचं वेगळं. सकाळी दहाला मीटिंग असेल तर दुपारी मुंबईत उतरवणारं विमान उपयोगाचं नाही, रात्रीची सिद्धेश्वरच बरी. काम दुसऱ्या दिवशी सकाळी असेल तर आदल्या दुपारी विमानाने जा, कामं आटोपून संध्याकाळी चारच्या वंदे भारतने परत या. माझे दोन-तीन व्यापारी गिऱ्हाईक असंच करतात, त्यांना जमलंय. ती तिकिटं आठ-दहा दिवस आधीच काढा, त्यापेक्षा लांबची नको.

आणि ८ मेच्या प्रवासासाठी रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी, म्हणजे ९ मार्चला सकाळी आठला उघडेल. अकराच्या अकरा जणांचं दुहेरी आरक्षण करून ठेवू नका, उन्हाळ्यात त्या जागांची गरज दुसऱ्यालाही असते. पण ज्यांच्या हातून पूजा होणार आहे त्यांना मुहूर्ताला पोचायलाच हवं. त्यांच्यापुरत्या दोन जागा ७ तारखेच्या उद्यानला घेऊन ठेवा, त्यांचं आरक्षण ८ मार्चला उघडेल. ५ मेच्या सकाळी विमानाची स्थिती बघून त्या ठेवायच्या की सोडायच्या ते ठरवा, म्हणजे आयत्या वेळी रद्द करण्यापेक्षा कमी पैसे कापले जातील. वयाने मोठ्या माणसांना विमानतळावर चाकाची खुर्ची लागणार असेल तर तिकीट काढतानाच तशी नोंद करायला सांगा, आयत्या वेळी लहान विमानतळावर खुर्च्या मोजक्याच असतात.